नमुना एकोणतीस

वैशाखात गालजीबागच्या वाळूवर काळ्या गोळ्या येतात.
काही मिऱ्याएवढ्या, काही बिब्ब्याएवढ्या,
एकदा एक आली भाकरीसारखी चपटी,
कडेला शिंपल्यांचे दात फुटलेली.
पहाटेच्या अंधारात कासवाची पिल्लं समजून
मी दोनदा फसलेय.

चिमट्यानं उचलते,
भट्टीत तापवून घेतलेल्या कुपीत टाकते,
झाकणाखाली चांदीचा कागद.
प्लास्टिक चालत नाही, तेही तेलाचंच लेकरू,
साक्षीला नात्यातलं कुणी घेत नाहीत.

कुष्टा पागी रापणीची दोरी वळता वळता विचारतो,
"बाये, कुणाचें गो हें?"
दर वर्षी हेच.
त्याला जहाजाचं नाव हवंय.
तिसऱ्या सालामागे अर्धी रापण चिकटून वाया गेली,
पंचायतीत अर्ज आहे, काणकोणला अर्ज आहे,
अर्जात एक रकाना आहे : कारणीभूत.
तो कोरा.

मला मात्र, खरं सांगते,
जहाज नको असतं.
मला हवी असते फट.
पश्चिमेला, उथळ समुद्र जिथं संपतो त्याच्याही तळाखाली,
जिथून मादागास्कर वेगळा निघाला, मागाहून सेशेल्स,
आणि वाटणीत मधली जमीन खचून गेली;
त्या खड्ड्यात गाळ, गाळात शेवाळ, पानं,
कोट्यवधी वर्षं मंद आचेवर.
तिथून एखाद्या भेगेनं थेंब थेंब वर येत असेल तर?
तर माझा प्रबंध.
तर कुष्टाचा रकाना कायमचा कोरा.
फटीवर दावा लावता येत नाही.

बांबोळीला प्रयोगशाळेत रात्री
यंत्र केसाएवढ्या नळीतून तेल ओढतं.
हलकं आधी सुटतं, जड रेंगाळतं,
पडद्यावर एकेक टोक उगवतं.
बरंचसं दर्यानं आधीच नेलेलं,
उरलेल्यातलं उन्हानं.
मागे राहतो होपेन :
कुठल्याशा जीवाणूच्या कातडीचा सांगाडा,
इतका चिवट की दुसऱ्या जीवाणूंनीही ताटात टाकून दिलेला.
त्याच्यावरून कूळ ओळखायचं.

एकवीस नमुने जहाजांच्या टाक्या धुतल्याचे निघाले.
सात कुणाशीच जुळले नाहीत.
"कुणाचेच नाहीत" असं लिहायची पद्धत नाही.
लिहायचं : उगम अनिश्चित.

मी कुष्टाला एकवीस सांगितले. नाव?
नाव कळत नाही, म्हटलं, फक्त जात कळते.
तो हसला नाही.
माझ्या टाचांचं डांबर बघून खोबरेलाची बाटली पुढे केली,
रॉकेलानं कातडी सोलते म्हणाला,
आणि मग दोरीकडेच बघत,
"म्हज्या बापायन हेंच भरलें होडयेच्या सांदींत.
राळ म्हारग. दर्यो फुकट दितालो."

कधी?
पाकल्यांच्या वेळी.
मी हुरळले नाही. आगबोटी तेव्हाही होत्या,
युद्धात बुडालेल्याही होत्या.
पण हात गार पडले, ते पडलेच.

सुरूच्या झाडांमागे ती होडी,
सुंभानं शिवलेली, आत कोंबडी अंड्यांवर.
फळ्यांच्या मधे काळी रेघ,
नखानं दाबली तर काच, उन्हात धरली तर मऊ.
मी पातं लावलं.
"इल्लेंच काड," कुष्टा म्हणाला,
"अजून ती उदक घेना."
बारा वर्षं ती पाण्यात गेलेली नाही.
मी इल्लंच काढलं.

कुपीवर चिठ्ठी लावली.
नमुना : एकोणतीस.
जागा : होडी, डावी बाजू, खालून दुसरा सांधा.
गोळा करणारा : बाबलो पागी, मयत.
दिनांक.

इथं पेन थांबलं.
कुष्टानं आभाळाकडे बघून हिशेब केला, बोटं मोडली, सोडून दिली.
"बरय," म्हणाला,
"न्हंयेचें तोंड सरलें त्या वर्सा."

मी तसंच लिहिलं.